जुन्या खोगिराची पारख आणि निगा : प्रस्तावना

घोडा हा मराठी इतिहासलेखनाचा ओळखीचा विषय आहे. पागा, शिलेदार, बारगीर, मोहिमांचे पल्ले आणि दाणावैरणीचे हिशेब यांवर विपुल लेखन झाले, तलवारी, बंदुका आणि नाणी यांच्या सूची छापल्या गेल्या, परंतु घोडा आणि स्वार यांच्या मधोमध जी वस्तू असे, त्या खोगिराकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच वळले. त्याचे कारण त्या वस्तूच्या घडणीतच आहे. लाकूड, कातडे, लोकर, कापूस, सुतळी आणि थोडेसे लोखंड यांनी बनलेले खोगीर वापरात झिजते, झिजले की त्याचा एकेक भाग बदलला जातो, आणि तीस-चाळीस वर्षांनी मूळ खोगिराचे नेमके किती अंग शिल्लक आहे हे सांगणे त्याच्या मालकालाही अवघड होते. तलवारीच्या पात्यावर काळाचा गंज चढतो, पण पाते तेच राहते. खोगिराचे तसे नाही. म्हणून जुन्या खोगिराची पारख म्हणजे एका वस्तूचे वय ठरवणे नसून, एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या काळांत चढलेले थर एकेक करून वेगळे ओळखणे होय, आणि हे थर पुसून टाकणारी निगा कितीही प्रेमाने केलेली असली तरी ती निगा नव्हे, हे या विषयाचे पहिले सूत्र मानावे लागते.

प्रारंभी काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. व्यवहारात खोगीर आणि जीन हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. तथापि या प्रस्तावनेत खोगीर हा शब्द मुख्यतः गादीसारख्या, म्हणजे लोकर, कापूस किंवा गवत भरून शिवलेल्या देशी आसनासाठी, तर जीन हा शब्द लाकडी वा पोलादी सांगाड्यावर कातडे ताणून केलेल्या आसनासाठी योजला असून, जेथे दोहोंचा एकत्र विचार आहे तेथे खोगीर हा व्यापक शब्द ठेवला आहे. सांगाडा म्हणजे जिनाचा आतला कठीण भाग: घोड्याच्या कण्याच्या दोन बाजूंना टेकणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या व मागच्या कमानी. या रचनेमुळे स्वाराचे ओझे कण्यावर न पडता बरगड्यांच्या वरच्या मांसल भागावर विभागले जाते. पोटाखालून आवळला जाणारा पट्टा तो तंग, पाय ठेवण्याची कडी ती रिकीब, शेपटीखालून जाऊन खोगीर पुढे सरकू न देणारा पट्टा ती दुमची, छातीवरून जाऊन ते मागे सरकू न देणारा तो पेशबंद, आणि खोगिरावर घालायचे आच्छादन तो गाशा. घोड्याच्या अंगाला लागणारा थर बहुधा बुरणुसाचा, म्हणजे लोकर न विणता ओली दाबून व मळून केलेल्या जाड कापडाचा असे; घाम शोषून घेण्याचे आणि घर्षण कमी करण्याचे काम त्याच्याकडे असे.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश या विषयाच्या दृष्टीने आडबाजूचा वाटला तरी वस्तुस्थिती तशी नाही. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला असला, तरी हिंगोली गाव एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील घोडदळाचे एक महत्त्वाचे ठाणे होते. हेन्री रसेल हा हैदराबादेत रेसिडेंट असताना उभ्या राहिलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची १८५३ च्या तहानंतर पुनर्रचना होऊन ती ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला आणि हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई अशा ठिकाणी तिच्या छावण्या राहिल्या. हिंगोलीतील रिसाला बाजार हे नाव त्या काळाचे आहे. रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली, तिच्या घोडदळातून ‘डेक्कन हॉर्स’ या नावाच्या पलटणी आल्या, आणि त्यांपैकी विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड येथे भाले घेऊन घोड्यांवरून हल्ला केला. मराठवाड्याच्या मातीशी जोडलेल्या या घोडदळाचे जीन विसाव्या शतकातही शोभेची वस्तू झालेले नव्हते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

पारखीच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाची बाब म्हणजे शिलेदारी. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व सामान घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, हा भेद सर्वपरिचित आहे. तीच पद्धत काही फेरफार करून इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळात पुढे चालवली आणि हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळही याच पद्धतीचे होते. स्वार भरती होताना घोडा आणि सामानापोटी ‘असामी’ची रक्कम भरत असे, पलटण त्या निधीतून खरेदी करीत असे, आणि पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडीत निघेपर्यंत जिनाचा पुरवठा सर्वस्वी सरकारी कोठारातून होत नव्हता. याचा अर्थ असा की, या भागातील एखाद्या गढीच्या माळवदाखाली, अडगळीत घोडदळी घडणीचे जीन निघाले आणि त्यावर सरकारी शिक्का दिसला नाही, तर ते सैन्यातले नव्हेच असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट शिक्का असणे हा जसा पुरावा, तसा शिक्का नसणे हा पुरावा नव्हे. जुन्या वस्तूंच्या बाजारात या साध्या तर्काचा विसर पडल्यामुळे चांगली खोगिरे कवडीमोलाने गेली आहेत आणि शिक्क्याची मात्र भलतीच किंमत झाली आहे.

ही खोगिरे घडवणारे हात कोणाचे होते, याविषयी स्वतंत्र ग्रंथ व्हावा इतकी सामग्री आहे. जीनगर या समाजाचे नावच त्याच्या मूळ धंद्यावरून पडले. मराठी राज्याचा अस्त झाला, पागा मोडल्या आणि जिनाची मागणी आटली, तेव्हा या कुशल कारागिरांनी धातुकाम, चित्रकाम, मूर्तिकाम, पुस्तकबांधणी असे नाना उद्योग स्वीकारले. कातडे कमावण्याचे कष्टाचे काम ढोर समाजाकडे असे, आणि त्यासाठी तरवड व बाभूळ यांची साल आणि हिरडा ही झाडपाल्याची द्रव्ये वापरली जात. या द्रव्यांतील टॅनिन हा घटक कातड्यातील प्रथिनांशी बांधला जाऊन ते कुजण्यापासून वाचवतो. खोगिराचा इतिहास सरदारांच्या नावांनी लिहिला जातो आणि ज्यांच्या हातांनी कातडे कमावले, शिवले व भरले त्यांची नावे कोठेच सापडत नाहीत, ही उणीव भरून काढणे आता जवळजवळ अशक्य आहे. निदान टाक्यांच्या धाटणीवरून एका हाताचे काम दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते, आणि अभ्यासकाने तेवढे तरी केलेच पाहिजे.

सरकारी जिनाची गोष्ट तुलनेने सोपी. १८५७ नंतरच्या काळात कानपूर हे कातडी सामानाचे मोठे केंद्र झाले आणि तेथील सरकारी कारखान्यातून सैन्याला साज पुरवला जाऊ लागला. १८९० नंतर पोलादी कमानींचे, सर्व घोडदळासाठी एकच नमुना ठरवणारे जीन प्रचारात आले; १९०२ आणि १९१२ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, आणि १९१२ च्या नमुन्यात बाजूच्या फळ्या कमानींना बिजागरीसारख्या जोडल्यामुळे एकच जीन रुंद व अरुंद अशा दोन्ही पाठींवर बसू लागले. फळीवर किंवा कातड्यावर तीन रेघांचा बाण उमटवलेला असेल, तर ती सरकारी मालमत्तेची खूण होय. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ते सामान सेवेतून काढून विकले गेले, असे समजावे. कानपूरचे नाव इंग्रजी अमदानीतल्या जुन्या वर्णरचनेत कोरलेले असल्यास ते जीन बहुधा स्वातंत्र्यापूर्वीचे असते.

अमेरिकी पद्धतीचे, ज्याला वेस्टर्न म्हणतात ते जीन आपल्याकडे मुख्यतः चित्रपटांतून ठाऊक झाले. स्पेनमधून मेक्सिकोत गेलेल्या जिनाचा तो वंशज असून, गुरे राखणाऱ्याने फेकलेल्या फासाची दोरी अडकवण्यासाठी पुढे उभारलेले शिंग, मागची उंच कड, मांडीखालचे रुंद कातडे आणि कच्च्या कातड्याने मढवलेला लाकडी सांगाडा ही त्याची लक्षणे आहेत. शिंग नसलेले आणि आसनाच्या मधोमध लांब फट असलेले मॅक्लेलन जीन मात्र लष्करी होय. जॉर्ज मॅक्लेलन याने युरोपातील सैन्यांची पाहणी करून सुचवलेला हा नमुना अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारला. अमेरिकेतील नामांकित कारागीर आपले नाव व गाव आसनामागच्या कडेवर किंवा रिकिबीच्या रुंद कातड्यावर ठशाने उमटवीत, त्यामुळे तेथील संग्राहकाचे निम्मे काम तो ठसाच करतो. महाराष्ट्रात असे जीन आढळले, तर पहिला संशय कानपूरचाच घ्यावा, कारण परदेशी बाजारासाठी वेस्टर्न जीन बनवण्याचा उद्योग तेथे आजही चालू आहे आणि मुद्दाम जुनाट रंगवलेला माल पारखी नसलेल्या डोळ्याला सहज फसवतो.

प्रत्यक्ष पारखीला बसताना खोगीर उलटे करावे, कारण वरची बाजू दाखवण्यासाठी घडवलेली असते आणि खालची वापरासाठी. प्रथम कातड्याची एखादी कापलेली कड भिंगाखाली पाहावी: सालीने कमावलेले कातडे आरपार तपकिरी दिसते, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या गाभ्यात निळसर-करडी रेघ आढळते, आणि ही क्रोम पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरच रुळली असल्याने अशा पट्ट्याचे वय त्यापलीकडे जाऊ शकत नाही. मग टाके पाहावेत. हाताने शिवणारा कारागीर एकाच छिद्रातून दोन्ही बाजूंनी दोन सुया ओढतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही आणि टाक्यांमधील अंतरात किंचित मानवी कमीजास्तपणा राहतो. यंत्राचे टाके एकसारखे असतात आणि एक धागा ओढला की ओळच्या ओळ सुटते. धागा चकाकणारा नायलॉनचा असेल, तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेचा किंवा नंतरचा. स्क्रूच्या डोक्यावर अधिकाच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो १९३० च्या दशकानंतरचा, आणि गादीत स्पंज असेल, तर ती भरती त्याहूनही अलीकडची. यांपैकी एखादी खूण आढळली म्हणून सबंध जीन नवे ठरत नाही. फक्त तो भाग कोणत्या काळाच्या आधी बदललेला असू शकत नाही, एवढे कळते. चार ठिकाणच्या चार खुणा चार दशके सांगत असतील, तर ते जीन खोटे नसून दीर्घकाळ वापरले गेले होते, असेच बहुधा मानावे लागते.

यानंतर पुढच्या कमानीखालची रुंदी मोजावी. दख्खनचे भीमथडी घोडे आखूड बांध्याचे व काटक, तर इंग्रजी फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर घोडे उंच व रुंद पाठीचे. त्यामुळे सांगाड्याची रुंदी आणि फळ्यांची लांबी ही ते कोणत्या जातीच्या पाठीसाठी घडले याची साक्ष देतात, जी साक्ष कोणत्याही नक्षीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. शेवटी दोन्ही कमानींना हात लावून त्या एकमेकींकडे हळूच दाबून पाहाव्यात: सांगाडा शाबूत असेल तर तो हलत नाही, आणि करकर असा आवाज आला किंवा आसन मध्ये वाकले तर आतले लाकूड तडकले आहे. असे जीन पुन्हा घोड्यावर चढवणे म्हणजे त्या मुक्या जनावराच्या पाठीला जखम करणे होय. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या बाजारात आजही घोड्यांबरोबर त्यांचा साज विकला जातो, आणि वरातीच्या घोड्यांसाठी जुन्या सांगाड्यांवर रेक्झिन, आरसे व जरीची झालर चढवलेली दिसते. अभ्यासकाने या झगमगाटाला नाक मुरडू नये, कारण त्याखाली कधीकधी अस्सल सांगाडा असतो, आणि ती झालरही एका काळाचा थरच आहे.

आता निगेविषयी. घरोघरची पहिली प्रतिक्रिया तेल चोपडण्याची असते, आणि या प्रदेशात तिला एक जुना आधारही आहे. विहिरीवर मोट होती तेव्हा तिचे कातडे पाण्यात टिकावे म्हणून करडईच्या तेलाला आटवून केलेले रोगण लावले जाई आणि ते योग्यच होते, कारण करडईचे तेल जवसाच्या तेलाप्रमाणे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि पाणी अडवणारा कठीण पापुद्रा तयार करते. मोटेला हवा असलेला हा गुण खोगिराला मात्र घातक आहे: वाळलेला पापुद्रा वाकणाऱ्या पट्ट्याबरोबर तडकतो, कातड्याचा वरचा थर सोबत उचकटतो, धूळ धरून ठेवतो आणि ठसे, रंग व शाईच्या खुणा कायमच्या बुजवतो. एरंडेल वाळत नाही, पण तेही अतिरेकाने वापरल्यास कातडे काळवंडते आणि शिवणीत मुरून धागा कुजवते. ज्या जिनावर कोणी बसणार नाही, त्याला लवचिकपणाची गरजच नसते, हा साधा विचार केला तरी तेलाची बाटली बाजूला ठेवता येते.

तेलाने सर्वाधिक हानी होते ती तांबड्या कुजीच्या कातड्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे, सालीने कमावलेले पुष्कळसे कातडे हवेतील गंधकाच्या वायूंमुळे आम्लयुक्त होऊन त्याचा विटकरी भुगा होऊ लागतो आणि हात लावताच बोटे तांबूस होतात; याला तांबडी कूज म्हणतात. ती झालेल्या भागावर पाणी किंवा तेल पडले, तर तो भाग तत्काळ काळा व कडक होतो आणि पूर्वस्थितीला येत नाही. कूज उलटवता येत नाही, फक्त भुगा जागच्या जागी बांधून ठेवता येतो. संग्रहालयांत त्यासाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाचा पदार्थ अल्कोहोलात विरघळवून हलक्या हाताने लावतात. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पितळी कड्या आणि रिकिबींवर जमणारा हिरवा, मेणचट कळंक हा कातड्यातील स्निग्धाम्ले आणि तांबे यांच्या संयोगाचा परिणाम असतो, म्हणजे जितके तेल अधिक तितका कळंक अधिक. तो बांबूच्या बोथट काडीने कोरडाच खरवडून काढावा. देवघरातली भांडी उजळणारी चिंच किंवा लिंबू येथे चालत नाही, कारण त्यांचे आम्ल कड्यांखालच्या पट्ट्यात मुरते. बुरणुसाला कसर लागते, आणि आत घातलेली भरती कितीही मळकट असली तरी ती उपसून टाकू नये. तिच्यात अडकलेले केस, गवताच्या काड्या आणि जुन्या कापडाचे तुकडे हाच कित्येकदा त्या खोगिराचा एकमेव लिखित नसलेला दस्तऐवज असतो. वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून जवळ ठेवण्याची घरगुती रीत निरुपद्रवी आहे, मात्र कांड्या कातड्याला टेकू देऊ नयेत.

मराठवाड्याचे हवामान कातड्याचा कस पाहते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि कातडे आक्रसते, पावसाळ्यात तेच कातडे ओल शोषून फुगते आणि त्यावर बुरशी धरते. सापेक्ष आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहणे हा आदर्श खेड्यातील घरात साधणे कठीण आहे. पण पत्र्याच्या खोलीऐवजी जाड मातीच्या भिंतींच्या आतल्या दालनात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता खोगीर ठेवले तरी चढउतार बराच कमी होतो. ते खुंटीला कमानीने टांगू नये. घोड्याच्या पाठीइतक्या रुंद, गोलसर आधारावर पसरून ठेवावे, पट्ट्यांच्या घड्या घालू नयेत, आणि वर प्लास्टिक न टाकता धुऊन खळ काढलेले मांजरपाट पांघरावे. बुरशी आलीच तर सावलीत, मोकळ्या हवेत, नाकातोंडावर कापड बांधून मऊ कुंचल्याने ती झटकावी. भर उन्हात वाळत घालणे हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी रोजच्या वापरातील वस्तूंना इतिहासाचा मान मिळवून दिला, तरी खेड्यापाड्यांतील खोगिरांची नोंद संस्थांच्या हातून पूर्ण होण्याजोगी नाही. ती ज्यांच्या घरी ही खोगिरे आहेत त्यांनीच करावयाची आहे. ज्या वाचकांच्या घरी असे खोगीर असेल, त्यांनी ते धुण्यापूर्वी, पुसण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी त्याची वरची, खालची व दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कमानीची रुंदी मोजून ठेवावी, ते घरात केव्हा व कोणाकडून आले याविषयी वडीलधाऱ्यांना जे आठवते ते तारखेसह लिहून त्याच कापडाखाली ठेवावे, आणि एवढे होईपर्यंत त्याला तेलाचा थेंबही लावू नये.